फुंकून झालं, पण श्वास आत घेताना कुणी बघितलं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मुलगी १६ वर्षांची, ८०० मीटर धावते. दीड वर्षापासून शर्यतीच्या शेवटच्या दोनशे मीटरमध्ये तिचा घसा आवळतो, श्वास घेताना घर्र असा मोठा आवाज येतो, गळा धरून खाली बसते. पाच-सात मिनिटांत जसं काही झालंच नव्हतं असं सगळं ठीक. दमा म्हणून पंप दिला, मग दुसरा पंप, मग डोस वाढवला, फरक काहीच नाही. फुंकायची टेस्ट दोनदा झाली, दोन्हीदा नॉर्मल. कोच आणि बाबा म्हणतात की हरायला लागली की हिचं हे सुरू होतं. आता नवीन डॉक्टर म्हणतात व्होकल कॉर्ड डिसफंक्शन असू शकतं, ती पळत असतानाच नाकातून दुर्बीण घालून बघावं लागेल. ते ऐकून मुलगी रडायलाच लागली. आई विचारते, नळी न घालता नुसत्या श्वासाच्या टेस्टवर हे कळणार नाही का? आणि त्या टेस्टही नॉर्मल आल्या तर बाबांचंच खरं मानायचं का?

---

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं प्रश्न दुर्बिणीचा आहे, दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की तुम्हाला टोचतंय ते शेवटचं वाक्य. म्हणून त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते, नाही, टेस्ट नॉर्मल आली म्हणून बाबांचं खरं होत नाही. टेस्ट नॉर्मल आली याचा अर्थ एवढाच की त्या वेळी, त्या खुर्चीत बसून, त्या मशीनने जे मोजलं ते नॉर्मल होतं. तुमच्या मुलीला खुर्चीत बसून कधी त्रास झालाय का? नाही ना. मग खुर्चीत बसवून काय सापडणार होतं?

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, पण वाचन बरंच केलंय आणि ती फुंकायची टेस्ट स्वतः करून घेतलीये, जुना खोकला जात नव्हता तेव्हा. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि समोरची टेक्निशियन बाई जीव तोडून ओरडतेय, फुंका फुंका फुंका, अजून, अजून, थांबू नका, आणि तुमच्या डोळ्यांपुढे काजवे. मग झालं, नळी काढा, पाणी प्या, परत एकदा. असं निदान तीनदा. घरी येताना लक्षात आलं की मला सगळं बाहेर टाकायला लावलं, पण त्याच जोराने श्वास आत ओढा असं कुणी म्हटलंच नाही.

आता हे का महत्त्वाचं ते सांगते. आपल्या घशात स्वरतंतूंची जोडी असते, दाराच्या दोन फळ्यांसारखी. श्वास घेताना फळ्या उघडतात, बोलताना जवळ येतात. व्होकल कॉर्ड डिसफंक्शनमध्ये होतं काय, की नेमकं श्वास घेताना त्या फळ्या मिटायला लागतात, मागे जरा फट राहते तेवढ्यातून हवा ओढावी लागते, आणि तो घर्र आवाज त्या फटीतून येतो. दमा हा खाली, फुप्फुसातल्या बारीक नळ्यांचा आजार. दम्यात मुख्य अडचण श्वास बाहेर सोडताना, आवाज छातीतून, सूं सूं शिट्टीसारखा. तुम्ही पत्रात काय लिहिलंय बघा, घसा आवळतो, आवाज श्वास घेताना, हात गळ्यावर. छाती हा शब्द तुमच्या अख्ख्या पत्रात एकदाही नाही. तुम्ही न कळत अर्धी माहिती देऊन बसलाय.

वेळेचंही तसंच. पळण्याने होणारा दमा बहुतेक वेळा थांबल्यानंतर जोर धरतो, पाच-दहा-पंधरा मिनिटांनी, आणि उतरायला अर्धा तास एक तास घेतो. घशाचा प्रकार ऐन जोरात पळताना चढतो आणि थांबलं की काही मिनिटांत उतरतो. म्हणजे 'हरायला लागली की सुरू होतं' हे कोचचं निरीक्षण बरोबर असू शकतं हो, फक्त अर्थ उलटा लावलाय. शेवटचे दोनशे मीटर म्हणजे श्वासाचा वेग सगळ्यात जास्त, तिथेच घसा मिटतो, आणि मिटतो म्हणून ती मागे पडते. आधी काय आणि नंतर काय हे ट्रॅकच्या कडेला उभं राहून दिसत नाही.

आणि हे नाटक म्हणण्याची परंपरा जुनी आहे बरं का, एकट्या बाबांना दोष नको. १८४२ मध्ये एका डॉक्टरी पुस्तकात याला 'हिस्टेरिक क्रूप' म्हटलं होतं, १९७४ मध्ये कुणी 'मुंचहाउझेन स्ट्रायडर' म्हणाले, म्हणजे जवळजवळ सोंगच. मग १९८३ मध्ये डेन्व्हरच्या डॉक्टरांनी पाच पेशंटबद्दल लिहिलं, अटॅक हुबेहूब दम्याचे, औषधं दम्याची, गुण काही नाही, आणि अटॅकच्या वेळी दुर्बिणीतून बघितलं तर स्वरतंतू मिटलेले. व्होकल कॉर्ड डिसफंक्शन हे नाव तिथून रूढ झालं. हल्ली रिपोर्टवर वेगळं नावही दिसेल, इन्ड्युसिबल लॅरिंजियल ऑब्स्ट्रक्शन, आयएलओ, आणि व्यायामाने होत असेल तर पुढे ई लावून ईआयएलओ. घाबरू नका, नवीन आजार नाही तो.

आता तुमचा मूळ प्रश्न, नळी न घालता कळेल का.

खरं सांगायचं तर अर्धं कळेल, आणि ते अर्धंसुद्धा खूप कामाचं आहे, फक्त टेस्ट नीट करून घेतली तर. घरात दोन जुने रिपोर्ट असतील ते काढा. त्यात एक वळणाचा आलेख असतो, फ्लो व्हॉल्यूम लूप. मधल्या आडव्या रेषेच्या वरचा भाग श्वास सोडतानाचा, डोंगरासारखा, एकदम वर जाऊन उतरत येणारा. रेषेच्या खालचा भाग श्वास घेतानाचा, तो वाटीसारखा गोल पाहिजे. बघा खालची वाटी आहे का मुळात. बऱ्याच रिपोर्टमध्ये नसतेच, नुसता डोंगर असतो, कारण दमा शोधायला डोंगर पुरतो आणि तेवढ्यावर काम भागवतात. वाटी असेल तर ती गोल आहे का तळाला चपटी झालीये ते बघा. घशात, म्हणजे छातीच्या वर, अडथळा असेल आणि तो श्वास घेताना होत असेल, तर वाटीचा तळ सपाट होतो. डॉक्टर आकडासुद्धा बघतात, निम्म्यावर आल्यावर श्वास घेण्याचा वेग हा सोडण्याच्या वेगापेक्षा जास्त असायला हवा, उलटं झालं तर संशय घ्यायला जागा.

पण लगेच उड्या मारू नका, कारण पेशंटने मनापासून जोर लावून श्वास ओढला नाही तरी वाटी चपटीच येते. म्हणून एका लूपवर कुणी काही ठरवत नाही, तीन-चार वेळा केल्यावर प्रत्येक वेळी तशीच येते का ते बघतात. आणि त्रास नसताना वाटी छान गोल येणं हेही नेहमीचंच. म्हणजे चपटी आली तर संशय वाढतो, गोल आली तर सुटका होत नाही. एवढं डोक्यात ठेवलंत तर रिपोर्ट हातात आल्यावर रडारड होणार नाही.

यावर उपाय म्हणजे तिला पळवूनच टेस्ट करायची. ट्रेडमिल किंवा सायकलवर दमवतात आणि मग फुंकायला लावतात, पाच, दहा, पंधरा, तीस मिनिटांनी. पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा, एफईव्ही-वन म्हणतात त्याला, ती १० टक्के किंवा जास्त घसरली तर व्यायामाच्या दम्याकडे बोट जातं. तुमच्या बाबतीत मात्र एक गोम आहे. घसा थांबल्यावर काही मिनिटांत मोकळा होतो, म्हणजे पाचव्या मिनिटाला फुंकायला लावलं तर चोर पळून गेलेला असतो. म्हणून आधीच सांगून ठेवा की थांबल्याबरोबर लगेच एक लूप घ्या, आत ओढण्यासकट, आणि ती पळत असताना आवाज येतो का, कुठून येतो, हे कुणीतरी स्टेथोस्कोप गळ्यावर आणि छातीवर लावून ऐका. मशीनपेक्षा कधीकधी हे ऐकणंच जास्त सांगून जातं. आणि ट्रेडमिलवर नुसतं जॉगिंग नको, तिची शर्यत ८०० मीटरची आहे, शेवटचा जोर लागेल इतकं दमवलं नाही तर ती टेस्टही नॉर्मल येणार आणि तुम्ही परत मला पत्र लिहिणार.

बाकीच्या बिननळीच्या टेस्टचं काम मुख्यतः दमा आहे की नाही हे ठरवणं. एक आहे फेनो, श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडची. यात धाप लागायचं काहीच नाही, सावकाश एका वेगाने साधारण दहा सेकंद फुंकायचं, स्क्रीनवर काहीतरी चित्र असतं ते पट्ट्यात ठेवायचं, पोरांना आवडते ही टेस्ट. तिच्या वयाला मोठ्यांचेच आकडे लागतात, २५ च्या खाली असेल तर ॲलर्जीवाली सूज असण्याची शक्यता कमी, ५० च्या वर असेल तर जास्त. पण ती पंपातलं स्टेरॉइड घेत असेल तर आकडा आधीच खाली आलेला असू शकतो, हे सांगायला विसरू नका. दुसरी मेथाकोलिनची, हे औषध थोडं थोडं वाढवत श्वासातून आत ओढायला देतात आणि दर टप्प्याला फुंकायला लावतात. ती निगेटिव्ह आली तर सध्या दमा असण्याची शक्यता बरीच कमी होते, तरी फक्त पळतानाच होणारा दमा कधीमधी तिच्यातूनही निसटतो. याच टेस्टमध्ये काही जणांचा घसा मिटतो, मग त्या वेळची वाटी बघायला मिळते, म्हणून तिथेही आत ओढायला सांगा. या दोन्हीच्या आधी कुठला पंप किती तास बंद ठेवायचा ते डॉक्टरच सांगतील, आपल्या मनाने बंद करायचा नाही.

तिसरी ऑसिलोमेट्री. ही मला सगळ्यात माणुसकीची वाटते, नेहमीसारखा शांत श्वास घ्यायचा, दोन्ही हातांनी गाल दाबून धरायचे कारण गाल फडफडले तर मोजमाप चुकतं, आणि मशीन हवेचे बारीक धक्के पाठवून नळ्यांचा विरोध मोजतं. श्वास घेताना विरोध जास्त आणि सोडताना कमी असा फरक दिसला तर वरच्या भागाचा विचार करतात. पण ही पूरक टेस्ट आहे, फक्त हिच्यावर शिक्का मारत नाहीत. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तर यात सहसा ९७-९८ दाखवत राहतो आणि तोच बघून लोक म्हणतात, बघ, ऑक्सिजन तर मस्त आहे, तुला काय झालंय. अहो घशात फट राहते ना, हवा जातेय, पण ती ओढायला जीव जातोय, तो जीव जाणं ऑक्सिमीटरला दिसत नाही.

नळीशिवाय बघायचा अजून एक मार्ग, वेगवान सीटी स्कॅनमध्ये श्वास घेताना घशाची हालचाल टिपणं, मेलबर्नच्या डॉक्टरांनी त्यावर काम केलंय. पण झोपवून करायचा, त्यात रेडिएशन, १६ वर्षांच्या पळणाऱ्या मुलीसाठी मला तो पहिला पर्याय वाटत नाही.

मग दुर्बीण का म्हणतायत डॉक्टर? कारण श्वासाच्या सगळ्या टेस्ट फार तर इतकंच सांगतात की अडथळा वरच्या भागात आहे. नेमका कुठे ते नाही सांगत. स्वरतंतू मिटतात का, का त्यांच्या वरचा मऊ भाग जोरात हवा ओढताना आत कोसळतो, का एखादा तंतू हलतच नाही, का घशाखाली नळीच अरुंद आहे, या चारही गोष्टींची वाटी थोडीफार सारखी दिसू शकते, आणि उपाय मात्र वेगवेगळे. स्वरतंतूंसाठी मुख्य उपाय श्वासाचं ट्रेनिंग, कोसळणाऱ्या भागासाठी काही वेळा ऑपरेशनचा विचार करतात. चुकीच्या आजाराचं औषध दीड वर्ष घेऊन झालंय तुमचं, आता परत अंदाजावर किती दिवस काढायचे?

आणि ती दुर्बीण तिच्या डोक्यात जशी आहे तशी नसते. पोटात जाते ती वेगळी, जाड. ही मऊ आणि वाकणारी, जाडी साधारण तीन-चार मिलिमीटर, नाकात आधी बधिर करायचं औषध मारतात, नाकातून घशाच्या वरपर्यंतच जाते, फुप्फुसात नाही. २००६ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेनच्या डॉक्टरांनी पळतानाची पद्धत मांडली, दुर्बीण डोक्याच्या पट्ट्याला बांधतात आणि ट्रेडमिलवर पळताना स्वरयंत्र सतत स्क्रीनवर दिसत राहतं. नाकात विचित्र वाटतं, डोळ्यांत पाणी येतं, शिंक येईल असं वाटतं, पण दुखणं फारसं नाही असं बरेच जण सांगतात. ही सोय सगळीकडे नसते, मग काही ठिकाणी पेशंटला दमवून लगेच बसवून बघतात, तेही चालतं, पण पळून गेलेल्या चोराची भानगड तिथेही आहेच.

माझा सल्ला असा, दुर्बिणीचा निर्णय तुम्ही घेऊन तिला कळवू नका, तिला घेऊ द्या. आधी पळवून, आत ओढण्यासकट सगळ्या बिननळीच्या टेस्ट करून घ्या, दम्याचं काय ते एकदाचं मिटू द्या. मग डॉक्टरांना तिच्यासमोर विचारा की नळी आधी नुसती बसून बघता येईल का, न पळता, दोन मिनिटं. त्यात निदान होणार नाही कदाचित, पण भीती निम्मी जाईल. शिवाय स्क्रीन तिच्याकडे वळवायला सांगा. आपलाच घसा उघडताना-मिटताना बघितला की पुढे व्यायाम शिकणं सोपं जातं असं स्पीच थेरपिस्ट सांगतात, आणि दीड वर्ष जिला खोटारडी म्हटलं गेलं तिला पुरावा स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळणं ही तर औषधापेक्षा मोठी गोष्ट. ती तरीही नाही म्हणाली तर जबरदस्ती नको, दुर्बीण होईपर्यंत स्पीच थेरपिस्टकडे श्वासाचं ट्रेनिंग सुरू करता येईल का ते डॉक्टरांना विचारा.

ते ट्रेनिंग साधारण असं असतं, खांदे सैल, नाकाने दोन छोटे हुंगे घेऊन श्वास आत, फूल हुंगतो तसा, मग ओठांचा चंबू करून फूऽऽ असा सावकाश बाहेर. सोपं वाटतं, पण शेवटच्या दोनशे मीटरमध्ये आठवायचं तर आधी बसून, मग चालताना, मग हळू पळताना शेकडो वेळा करावं लागतं. पित्त वर येत असेल किंवा नाकातून घशात सर्दी उतरत असेल तर तेही बघून घ्या, घसा चिडका होतो त्याने. आणि हो, मनाचा भाग असू शकतो, टेन्शनने घसा आवळतो, पण मनाचा भाग असणं म्हणजे मुद्दाम करणं नाही, हे बाबांना एकदा शांतपणे सांगा.

पंपाबद्दल, तुम्हाला वाटत असेल की इतकं सगळं वाचलं तर बंदच करून टाकू, तर नको. दमा आणि हे, दोन्ही एकाच माणसाला असणं काही दुर्मिळ नाही. फक्त डोस वाढवायच्या आधी 'टेस्टने दमा सिद्ध झालाय का' हे विचारा, तो हक्क आहे तुमचा. आणि ओठ निळे पडले, गुंगी आली, ऑक्सिजन खरोखर उतरला, एक शब्द बोलता येईना, दहा-पंधरा मिनिटांत कमी होईना, किंवा काही खाल्ल्यावर-चावल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, तर व्होकल कॉर्डच असेल म्हणून वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत न्या.

ज्यांच्या घरी पळणारं कुणी नाही पण उग्र वास, सेंट, धूर, थंड हवा, मोठ्याने हसणं यांनी असंच होतं त्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. २०१४ मध्ये पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी दमा आणि हा प्रकार वेगळा ओळखायला चारच गोष्टी काढल्या होत्या, घसा आवळतो का, आवाज बसतो का, वासाने सुरू होतं का, आणि छातीतली शिट्टी नाहीये का. डॉक्टरकडे जाताना या चारांची उत्तरं चिठ्ठीवर लिहून न्या, दोन मिनिटांत वीस मिनिटांचं काम होतं.

आणि टेस्टची तारीख मिळेपर्यंत एक काम फुकटात होण्यासारखं आहे. पुढच्या प्रॅक्टिसला शेवटच्या दोनशे मीटरपासून ती पूर्ण ठीक होईपर्यंत मोबाईलवर व्हिडिओ काढा, चेहरा आणि गळा दोन्ही दिसेल इतक्या जवळून, आवाज नीट येईल असा, आजूबाजूला गोंगाट नको. घर्र आवाज श्वास आत जाताना येतोय का बाहेर पडताना, आणि थांबल्यापासून किती मिनिटांत गेला, हे डॉक्टर त्यातून बघतील. तुम्ही नका काढू, तुम्ही तिच्याजवळ बसा. मोबाईल बाबांच्या हातात द्या.